तीन वाजताची रेकॉर्ड

८ नोव्हेंबर १९७४, हाकोदाते

सामान माडीवर टाकलं आणि तोंडही न धुता खाली स्पीकरसमोर येऊन बसलो. विम्याच्या कचेरीतली धड नोकरी सोडून जॅझ ऐकवणाऱ्या कॉफीच्या दुकानात राबायला जाणारा माणूस आईच्या मते ठार वेडा आहे. असेन. पण ‘मिनामो’तले हे दोन स्पीकर तिने पाहिलेले नाहीत. कपाटाएवढे उंच, अमेरिकन बनावटीचे, लाकडाला मधाचा रंग. अ‍ॅम्प्लिफायर जुन्या व्हॉल्व्हचा. पेटला की त्यावर हात शेकून घ्यावेत. भिंतभर रेकॉर्डी.

मालकांचं नाव ओनोदेरा, पण सगळे त्यांना मास्टर म्हणतात. बोलणं तुटक, कॉफी झकास. नियम अशा सगळ्याच दुकानांत असतो तो: रेकॉर्डची बाजू सुरू झाली की बोलायचं नाही, कॉफी हवी तर बोट दाखवायचं. मला यात नवीन काही नाही. कॉलेजात असताना नाक शिंकरलं म्हणून मला अशाच एका दुकानातून हाकललं होतं, आणि तेव्हाही मला हाकलणाऱ्याचंच बरोबर वाटलं होतं. तरी मास्टरांनी बजावलं, “तीन वाजता जी लावतो, तिच्या वेळी ओठ शिवलेले हवेत. तुझेही.”

दर रविवारी आईला फोन करायचं कबूल केलं आहे. बाबा गेल्यापासून घरात ती एकटीच असते.

१४ नोव्हेंबर

तीन वाजताच्या रेकॉर्डची भानगड कळली. इथल्याच चार वादकांनी एका हिवाळ्यात याच खोलीत वाजवलं, तेव्हा ती ध्वनिमुद्रित झाली. प्रत एकच. पियानो ठीकठाक, सॅक्सोफोन मात्र जीव घेणारा. आणि ऐकणाऱ्यांचे आवाजही आले आहेत. डावीकडे एक बाई खोकते. खिडकीपाशी कुणी पुरुष सुरात सूर मिसळून गुणगुणतो. शेवटाकडे एका तरुणाचं खळखळून हसणं येतं. इतकं स्वच्छ, की मी दोनदा मान वळवून पाहिलं.

रोजची गिऱ्हाइकं दोनच. सुक्या माशांचं दुकान असलेल्या इसोबेबाई डावीकडे बसतात, आणि बोटीवरून निवृत्त झालेले तातेबायाशी खिडकीपाशी. रोज तीनच्या ठोक्याला हजर. दोघं इतकी गप्प, की कप ठेवल्याचा आवाजही होत नाही. याला म्हणतात शिस्त. त्या खोकल्याच्या जागी इसोबेबाई डोळे मिटून घेतात. दर्दी बाई आहे.

१९ नोव्हेंबर

मास्टर दात दाखवायला गेले होते. दुकान उघडायला अवकाश होता. एवढी सामग्री ताब्यात असताना हात शिवशिवणारच. मी तीन वाजताची रेकॉर्ड काढली आणि लावली. आम्हा स्पीकरवेड्यांची एक खोड असते. खोलीच्या मध्यभागी उभं राहून टाळी वाजवायची, आवाज भिंतींवरून कसा परततो ते ऐकायचं, आणि मग निकाल द्यायचा. मी टाळी वाजवली आणि निकाल दिला, “डावा स्पीकर जरा आत घ्यायला हवा.”

ऐकायला कुणी नव्हतं. मास्टर यायच्या आत रेकॉर्ड जागेवर ठेवली.

२० नोव्हेंबर

तीन वाजता रेकॉर्ड लागली. सॅक्सोफोन थांबतो, जाड तारांचा बास एकटाच उरतो, तिथे एक माणूस म्हणाला, डावा स्पीकर जरा आत घ्यायला हवा.

माझा आवाज होता. टाळी नव्हती, फक्त ते वाक्य. मास्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. इसोबेबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, मयताला आलेल्या बायका हलवतात तशी. मला उठायचं होतं, पण पाय उचलेनात. बाजू संपली तेव्हा सुटले. मास्टरांना विचारायला तोंड उघडलं आणि काहीच बाहेर पडलं नाही. गल्लीत जाऊन जीव खाऊन ओरडलो. समोरची तंबाखूवाली शांतपणे बर्फ लोटत राहिली.

२४ नोव्हेंबर, रविवार

तरी फोन केला. वेड्यासारखा आई, आई करत होतो. ती म्हणाली, “हॅलो? शुहेई, तूच ना रे? काही बोलू नकोस हवं तर, नुसता श्वास घे, म्हणजे मला कळेल.” मी श्वास घेतला. घेत राहिलो. थोड्या वेळाने तिने हॅलो म्हणणं सोडलं आणि फोन ठेवला.

जगात माझा आवाज म्हणून आता ते एकच वाक्य शिल्लक आहे. स्पीकरबद्दलचं.

२५ नोव्हेंबर

मास्टरांना कागदावर विचारलं. ते खाली बघून बोलत होते. ती रेकॉर्ड चालू असताना गळ्यातून जे निघतं ते आत जातं, आणि त्याच्यामागून गळाही जातो. इसोबेबाई नुसत्या खोकल्या होत्या. मी रागाने लिहिलं, आधी कारण का नाही सांगितलंत? तेव्हा ते म्हणाले, “तुझ्या आधीच्या पोराला सांगितलं होतं ना. तीन वाजता ते आठवून त्याला हसू आवरेना. बाजू चालू होती.”

मग ती फोडून का टाकत नाही? तर म्हणे तो पोरगा नवीन वर्षाला गावी जायला निघाला, आणि गावी पोचलाच नाही. रेकॉर्डमध्ये जो आहे त्याने ती रोज ऐकायलाच हवी, नाहीतर तो सरतो. फोडली तर सगळेच सरतील. म्हणून मास्टरांनी आजारपणातही एक दिवस चुकवलेला नाही. मला त्यांचा गळा दाबावासा वाटला आणि दयाही आली.

मला हे पटलेलं नाही. भीती घालून फुकट राबवून घ्यायचा डाव असेल.

२८ नोव्हेंबर

आज तीनला मुद्दाम दुकानात थांबलो नाही. बोटीच्या धक्क्यावर बसलो. तीन वाजून गेले. आधी बोटीचा भोंगा ऐकू येईना. मग बोटं गार पडली. छातीवर हात ठेवला तर ठोका लागत नाही. दोन्ही हात दाबून पाहिलं— नाही— धावलो. पाय बर्फावर पडत होते की नाही कुणास ठाऊक. मास्टर रेकॉर्ड पुन्हा लावून दारात उभे होते. माझं वाक्य आलं तेव्हा ठोका परत सुरू झाला.

तातेबायाशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडलो. तेही निःशब्द.

३ डिसेंबर

आईला पत्र टाकलं. घसा बसला आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, काळजी करू नकोस, थंडीत इकडे मुळीच येऊ नकोस. दुकानाचा पत्ता पाकिटावर छापलेलाच होता.

७ डिसेंबर

सगळीकडून विचार केला. आईकडे जाऊन यायला शेवटची बोट, पहिली बोट, कुठलीही धरली तरी मध्ये तीन वाजतातच. रेकॉर्ड बरोबर न्यावी, तर ही दोघं— नाही. इसोबेबाई रोज माझ्यासाठी सुके मासे आणतात.

स्पीकरांचा रंग बघवत नाही.

१० डिसेंबर

आईचं उत्तर आलं. घसा बसलेल्या माणसाने दुसऱ्याला अक्कल शिकवू नये. मुळा किसून मधात घातला आहे, घशाला बरा. निघते—

पत्रावरची तारीख आठाची. तार करू? कुठे? ती निघाली असेल—

११ डिसेंबर

बाजू सुरू झाली. मास्टर शेगडीसाठी मागे कोळसा आणायला गेले. पाय खिळले. फक्त हात—

दार उघडलं. आई. काखेत गाठोडं, केसांत बर्फ. इसोबेबाई तोंडावर बोट ठेवून— आई बघतच नाही तिकडे, मला शोधते आहे—

आई, हे वाच. मोठ्या अक्षरात लिहितो. बोलू नकोस. खोकू नकोस. मागच्या मागे बाहेर जा.

वही वर धरली. तिने मला पाहिलं. हसली. चष्म्यावर वाफ धरली आहे, तो काढून बाहीला पुसते आहे, चष्म्याशिवाय तिला अक्षर—

लवकर, आई. डोळ्यांवर घाल. आधी वाच, आधी—

हातातच ठेवला. श्वास घेतला तिने, आणि