न पाहता घेतलेली गाडी

अण्णा, मी गाडी घेतली. जुनी, चौदा वर्षांची, डिझेलवरची, आणि न पाहता. हे शेवटचे दोन शब्द तुमच्या तोंडावर उच्चारायची माझी हिंमत झाली नसती. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली म्हणून निदान लिहिता तरी येतंय. तरीही लिहिताना वाटतं, तुम्ही आत्ता दारातून आत याल, उजवी बाही कोपराच्या वर सरकवाल आणि म्हणाल, "खालचा माल दाखव."

वसमतच्या मोंढ्यात तुमचं सगळं आयुष्य त्या एका हातावर चाललं. आडत दुकानासाठी हळद पारखून द्यायची, तुम्ही मान हलवली की माल पास. शेतकऱ्यानं ढीग ओतला की वरच्या हळकुंडांकडे तुम्ही बघायचासुद्धा नाहीत. ती दाखवायलाच ठेवलेली असतात, म्हणायचात. हात कोपरापर्यंत ढिगात घालायचा, बुडातलं मूठभर बाहेर काढायचं आणि एक हळकुंड कानाजवळ नेऊन मोडायचं. काडकन आवाज आला तर वाळलेलं, दबका आला तर आत ओल. पॉलिश करून चमकवलेल्या मालाचा तर तुम्हाला रागच होता. घरी आलात की आई पायरीवर बादली ठेवायची, पण तो हात काही कधी पांढरा झाला नाही. आणि घरातही तोच हात. किराण्याची पुडी उलटी करून खालून फोडायची, दुधात बोट घालून पाहायचं, माझ्या सोयरिकीच्या वेळी तर पाहुण्यांच्या गावी जाऊन शेजारपाजाऱ्यांकडे तीन दिवस चौकशी. मला ते सगळं बरोबरच वाटायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन मोंढ्यात यायचे आणि हर्राशी संपेपर्यंत पोत्यांवर बसून तुमचा हात पाहायचे.

गाडी का घेतली ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल नोकरीचा पैसा वर आला. आईच्या पाठीचा मणका दबलाय. ती आता माझ्याकडे हिंगोलीत असते. दहा मिनिटांच्या वर तिला बसवत नाही, आडवंच राहावं लागतं, आणि उपचाराला दर गुरुवारी नांदेडला न्यायचं असतं. सुरुवातीला ॲम्ब्युलन्स बोलावली. ती दारात उभी राहिली की गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून बाहेर यायच्या. आई स्ट्रेचरवरून त्यांना म्हणायची, "मी हाय अजून, जा घरी." तिसऱ्या खेपेनंतर तिनं जाहीर केलं, "त्या गाडीत मी आता एकदाच जाईन, आन् तवा मला कळणार न्हाई." पुढच्या दोन खेपा चुकल्या. डॉक्टर म्हणाले, अशाच चुकत राहिल्या तर यांनी परत उठून बसायचं विसरा. मग मी आईला सतरंजीवर सरळ निजवलं आणि टेपनं मोजलं. चार फूट दहा इंच. "काय शिवून राहिलीस?" तिनं विचारलं.

साध्या गाडीत एवढं माणूस आडवं मावत नाही. डिक्कीच्या जागी लांब पाठ असलेली, मागची सीट पाडली की सपाट होणारी गाडी हवी होती. तसल्या गाड्या आता कुणी घेत नाही, म्हणून स्वस्त, पण सापडतही नाहीत. मला सापडली ती मोबाइलवरच्या लिलावात. म्हणजे हर्राशीच अण्णा, फक्त ढीग नाही, पोतं नाही, माणूस नाही. नऊ फोटो आणि मालकानं लिहिलेल्या चार ओळी. फोटोत नंबरप्लेटही पांढऱ्या पट्ट्यानं झाकलेली. मालक कोण, कुठल्या गावचा, हे लिलाव संपेपर्यंत सांगायचं नाही असा त्यांचा नियम. सौदा झाल्यावर ताबा घेताना, लिहिलेल्यापेक्षा वेगळी खोट सापडली तरच तो मोडता येतो.

त्या चार ओळींनीच माझी झोप उडवली. "एसी चालत नाही. मागच्या डाव्या दाराची काच खाली होत नाही. एकदा बांधाला घासली आहे. आत शेळ्यांचा वास येतो." कोण लिहितं असं? चार उणिवा आपणहून सांगणाऱ्यानं पाचवी कुठं लपवली असेल, तेच मी शोधत बसले. फोटो मोठे करकरून पाहिले. इंजिनावर धूळ होती. म्हटलं, निष्काळजी माणूस. मग म्हटलं, मुद्दाम ठेवली असेल, चकचकीत पाहून लोक बिथरतात म्हणून. एका फोटोत गाडीखालची जमीन काळपट दिसत होती. तेल गळतंय की सावली आहे, हे ऑफिसातल्या तिघांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली. शेवटी मालकाला लेखी विचारलं, सीट पाडल्यावर सपाट जागा किती? उत्तर आलं, पाच फूट आठ इंच, सोबत टेप लावलेला फोटो. पण फोटोत टेपचं सुरुवातीचं टोक दिसत नव्हतं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा फोटो आला. या वेळी टोक दिसत होतं आणि ते पायाच्या अंगठ्यानं दाबून धरलेलं होतं. अंगठ्याच्या नखाला भेग होती. माणसाचं तेवढंच दर्शन झालं.

लिलाव दुपारी जेवणाच्या सुट्टीत संपायचा होता. डब्यातली भाजी तशीच ठेवून मी बोली लावत होते. समोर एकच जण होता, तोही अचानक थांबला. गाडी मला सुटली. तो का थांबला? त्याला असं काय कळलं होतं जे मला कळलं नव्हतं? हर्राशीत तुम्ही पास केलेल्या मालावर दुसऱ्या कुणी बोली चढवली नाही की तुम्ही घरी येऊन गप्प गप्प जेवायचात, तसं माझं झालं. संध्याकाळी मालकाचा पत्ता आला. डोंगरकडा. अण्णा, नांदेडच्या वाटेवरचं गाव. आईला ॲम्ब्युलन्समधून नेताना त्या गाडीसमोरून मी तीनदा गेले होते.

रविवारी एक मिस्तरी सोबत घेऊन मी एसटीनं डोंगरकड्याला उतरले. रस्त्याला लागूनच घर, बाजूला शेळ्यांचा वाडा, लिंबाखाली ती गाडी. मालक सत्तरीचे, धोतर नेसलेले. अंगठ्यावरून मी त्यांना ओळखलं. ते शेळ्या बाजाराला याच गाडीतून न्यायचे. "पिकपमधी भेदरतात," म्हणाले, "हिच्यात गुमान बसतात." का विकताय, असं मी विचारलं. "नजर गेली, बाई. समोरून लाइट आला की काय बी दिसत न्हाई." त्यांच्या सुनेनं चहा आणला. मी कप बोनेटवर ठेवून दिला. चहा घेतला की माणूस मऊ पडतो, म्हणून तुम्ही शेतकऱ्याचा चहा कधी घेतला नाहीत, ते मला बरोबर आठवलं.

मिस्तरीनं इंजिन चालू करून कान लावला, खाली सरपटून पाहून आला. "बाई, गाडी बराबर है. उमर के हिसाब से बराबर." मी म्हटलं, मागचं सगळं काढा. त्यानं चटई काढली. तिच्या खालचं रबर काढलं. त्याच्या खालची फळी काढली, स्टेपनी काढली, जॅक, पाने, एक दोरखंड, सगळं लिंबाखाली मांडलं. मालक नुसते उभे होते. "पहा बाई, पहा," एवढंच म्हणाले. मग मी बाही वर सरकवली. फळीखालच्या पोकळीत, जिथं पाणी मुरून पत्रा कुजतो म्हणतात, तिथं कोपरापर्यंत हात घातला आणि बुडातलं मूठभर बाहेर काढलं. मुठीत धूळ होती आणि वाळून खडखडीत झालेल्या आठदहा लेंड्या.

"सूखी है," मिस्तरी म्हणाला आणि हसला. मालक हसले नाहीत. "त्यो वास मी लिवला व्हता," ते म्हणाले. मिस्तरी सामान परत ठेवायला लागला तर त्याला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. कोनतं कुठं बसतं ते मला ठावं हाय." मग ते गुडघ्यांवर बसले आणि एकेक वस्तू हातानं चाचपून जागेवर ठेवायला लागले. मी उभी राहून बघत होते. "ठीक आहे," मी म्हणाले. बोनेटवरच्या चहावर साय धरली होती.

तुम्हाला हट्टा गावचा तो शेतकरी आठवतो का? मी तेव्हा नऊदहा वर्षांची असेन. तुम्ही त्याच्या ढिगात हात घालता, हळकुंड कानाशी नेऊन मोडता, आणि पहिल्यांदाच मी तुम्हाला घुटमळताना पाहते. मोंढ्यात गलका फार आहे. तुम्ही म्हणता, "बुडाला ओल आहे." तो म्हणतो, "न्हाई मालक, धा दिस वाळवली." "मग राहिलेली पोती बी खाली कर. समदी." तो एकदा तुमच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. मग एकेक पोतं उलटं होतं, वाटेत पिवळं आंगण पसरतं, माणसं गोळा होतात. माल तळापर्यंत कोरडा निघतो. तुम्ही हात झटकता. "ठीक आहे, भर," म्हणता आणि पुढच्या ढिगाकडे जाता. तो गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी भरत राहतो. त्याचं भरून होईपर्यंत हर्राशी त्याच्या रांगेवरून पुढं गेली होती. त्या दिवशी तो माल तसाच गाडीत घालून परत गेला. घरी येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि म्हणालात, "पाहून घेतलेलं बरं." त्यावर मी इतकी वर्षं जगले. वाईट जगले असं नाही, पण माझ्या घरी आलेला माणूस चहा पिऊन लवकर उठतो, हे मला आता आता कळायला लागलंय.

गाडी चांगली चालते. पहिल्या गुरुवारी मागं गादी टाकून आईला निजवलं, तिच्या पायाशी दहा इंच जागा उरली. गल्लीतलं कुणी बाहेर आलं नाही. वास मात्र येतो. "बोकड बसलाय का पाठीमागं?" आईनं विचारलं, मग थोड्या वेळानं, "खरंच न पाहता घेतली का गं?" मी हो म्हटलं. "मला तरी तुह्या बापानं कुठं पाहिलं व्हतं? अंतरपाट निघाला तवा पाहिलं. तवापासून समदं मोडून मोडून पाहत ऱ्हायले." आणि ती हसली, पाठ दुखेपर्यंत. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला उशीला टेकवून बसवलं. वीस मिनिटं बसली, अण्णा. तुम्ही असता तर घड्याळ बरोबर आहे का ते पाहिलं असतंत.

डोंगरकडा जाताना लागतं, येताना लागतं. मालक लिंबाखाली बाजेवर बसलेले असतात. नजर गेली म्हणतात, पण आवाजावरून गाडी ओळखतात आणि हात वर करतात. मी आरशात बघितल्यासारखं करते. आई मागून म्हणते, "कोन हाय ते? थांब की जरा." अजून थांबले नाही. माफ करा म्हणायचं की नुसता चहा मागायचा, हे ठरत नाही. उद्या गुरुवार आहे. उद्या थांबायचं ठरवलंय, पण माझा माझ्यावरच भरवसा नाही, हे याआधी दोनदा ठरवून झालंय.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. पण तुमची चूक तुम्हाला दाखवायला लिहायला बसले होते आणि चूक एकट्या तुमची नव्हती, म्हणून एवढं सांगते. त्या दिवशी तुम्ही यायच्या आधी मी हट्ट्याच्या त्या शेतकऱ्याच्या ढिगाजवळ उभी होते. तुमच्यासारखी बाही वर करून मी त्यात हात घातला होता, बुडातलं हळकुंड काढून कानाशी मोडलं होतं. काडकन आवाज आला होता. तो माणूस हसून म्हणाला, "काय बाई, पास का?" आणि मी तुमच्यासारखी मान हलवली. म्हणून तो माझ्याकडे बघत होता. चारचौघांत तुम्ही चुकलेले दिसू नयेत म्हणून मी गप्प बसले. संध्याकाळी आईनं बादलीपाशी विचारलं, "तुहा हात काहून पिवळा झाला?" मी म्हटलं, अण्णांचा हात धरून आले.