संस्कृतीचा खोकला

१५ मे

अंगण झाडून झालं होतं. शेळीला पाला टाकला, भांडी घासून पालथी घातली, आणि सूप घेऊन ओट्यावर बसले. पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या होत्या. यंत्रात घातलं की दाणा दुखावतो, उगवत नाही — म्हणून बियाणं आम्ही हातानंच फोडतो. संस्कृती शेजारी होती. दीड वर्षाची नात, सूप दिसलं की हात घालणारच! माझी सून मेघना सकाळी इंदापूरच्या गाडीला निघताना दारातून म्हणाली होती, "आई, अख्खा दाणा देऊ नका हं तिला. कूट करून द्या." रोज म्हणते. मी रोज बरं म्हणते.

आणि मनात म्हणते, माझ्या लेकाला, संदेशला, काय मी कूट करून वाढवला?

हाताला सवय आहे, शेंगेकडं बघावं लागत नाही. म्हणून पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं होतं. मेघनानंच आणून दिलेलं. मी पान उलटलं — एवढंच. ठसका ऐकून बघितलं तर पोरीचं तोंड लाल, मग ओठ निळे. आवाजच नाही! पायाला धरून डोकं खाली केलं, पाठीत धपाटे घातले. शेजारची मालनबाई कुंपणावरून धावत आली. तेवढ्यात संस्कृती मोठ्यानं रडली. रडणं ऐकून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

दुपारी खेळत होती. दूध-भाकरी खाल्ली. मेघनाला काही सांगितलं नाही. झालं गेलं, उगाच कशाला.

१६ मे

खोकते आहे. मालनबाईला म्हटलं, दाणा कुठं गेला असेल? "जाईल कुठं? पोटात गेला. उद्या लंगोटात सापडंल. लेकरं ठसकायचीच गं! तू पुस्तकं वाचून वाचून भित्री झालीस."

हसू आलं. बरंही वाटलं.

१७ मे

लंगोटात काही सापडलं नाही.

१८ मे

अंग तापलं. बारामतीला मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं — संदेश, मेघना आणि मी. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध लिहिता लिहिता विचारलं, "खाताना काही अडकलं होतं का? दाणा, फुटाणा, मणी, असं काही?"

मेघना माझ्याकडं वळली. पोर दिवसभर माझ्याजवळ असते. मलाच माहीत असणार.

"न्हाय ओ," मी म्हणाले.

कसं निघालं तोंडातून! एवढं सरळ. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढं लिहीत राहिले.

येताना रिक्षात मेघना संदेशला म्हणाली, "आई आहेत म्हणून मी बिनघोर नोकरीला जाते." मी रस्त्याकडं बघत बसले.

१९ मे

ताप थोडा कमी. खोकला तसाच. मांडीवर निजली की छातीत बारीक शिट्टी वाजते. कान लावून ऐकते. मग ऐकवत नाही.

२१ मे

संदेश वैतागलाय. "आई, ती शेळी काढ पयली! केसांनीबी दम लागतो म्हणत्यात. आन् चूल बंद. पाणी गॅसवर तापव." बरं म्हटलं. शेळी मालनबाईच्या गोठ्यात नेऊन बांधली. ती माझ्या मागं ओरडत राहिली. त्या मुक्या जिवाचा काय दोष! माझं पाप तिच्या गळ्यात बांधून आले.

मालनबाई कासरा गुंडाळत म्हणाली, "आता काय, लेकाच्या घरात तुलाबी केस गळत्यात म्हणून बाहेर बांधतील!" एरवी मी दोन शब्द ऐकवले असते.

तिला हळूच म्हटलं, दाण्याचं सांगू का गं घरी? तिचा चेहरा एकदम बदलला. "सांगशील तर परत लेकरू हातात देणार न्हाईत. इचार कर बाई."

तेच तर! तेच माझ्याही मनात होतं. ती बोलली म्हणून मला राग आला.

२३ मे

काल मेघना पोरीला घेऊन माहेरी गेली. इंदापूरलाच तिची नोकरी आणि माहेर. तिथल्या डॉक्टरांकडं रोज वाफ द्यायची आहे.

घर सुनं झालं. वाचायला घेतलं. अक्षरं दिसतात, आत काही जात नाही. हे गेल्यावर संदेशच्या जुन्या पुस्तकांवर बोट ठेवून ठेवून मी वाचायला शिकले. दिवस ढकलायला काहीतरी हवं होतं. नंतर दिवस ढकलायला संस्कृती आली. तिला माझ्याकडं ठेवली नाही तर मी करू काय? खरं लिहायचं तर गेला आठवडाभर मला पोरीच्या छातीपेक्षा याचीच भीती जास्त वाटली. लिहिलं.

यांच्याही छातीत दुखत होतं. कारखान्यावरून यायचे, भिंतीला टेकून बसायचे. काय झालं विचारलं की "काय न्हाय गं, दमलोय." मला घाबरवायचं नव्हतं त्यांना. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, लवकर का नाही सांगितलं? इतकी वर्षं मी त्यांच्यावर रागावून आहे, की सांगितलं का नाही!

दुपारी मेघनाचा फोन आला. "आई, उजव्या बाजूला हवा नीट जात नाही म्हणतात. फोटोत काहीच दिसत नाही. उद्या परत बघणार आहेत." तिचा आवाज बसला होता. मग म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

तोंडाशी आलं होतं. "जेवले," म्हणाले.

जेवले नव्हते. तेही खोटंच.

वाफेनं दाणा निघत नसतो. डॉक्टरांना माहीत नाही म्हणून ते वाफ देतात. मला माहीत आहे.

२४ मे

बारामतीहून पहिल्या गाडीनं इंदापूरला गेले. दवाखान्यात मेघना, तिची आई, सगळे होते. डॉक्टरांना म्हटलं, शेंगदाणा अडकला होता. पंधरा तारखेला. माझ्या सुपातला. मी वाचत होते. बारामतीच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले.

मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "ओठ निळे पडले होते?" हो म्हटलं. त्यांनी लगेच पुण्याला फोन लावला.

मेघनाची आई म्हणाली, "अवो, नऊ दिस! नऊ दिस तुमी गप बसला?" संदेशही आला. पुण्याला जाताना गाडीत संस्कृती माझ्याकडं हात करत होती — "आदी, आदी" — मेघनानं तिचे हात हातात धरून ठेवले. मी मागं बसले.

२५ मे

श्वासनळीत दुर्बीण घालून दाणा काढला. अर्धाच होता, फुगलेला. शिट्टी थांबली.

डॉक्टरांनी छोट्या बाटलीत घालून मेघनाला दिला. तिनं बराच वेळ बघितला, आणि बाटली माझ्यापुढं धरली.

मी घेतली.