पूर्वेची वाळू

मंगळवार, १८ मार्च २०२५

पोचलो एकदाचे! बारामतीहून निघालेला टेम्पो भिगवणच्या अलीकडे दोनदा रस्ता चुकला, हार्मोनियमचा एक पाय मोडला, पण प्रभूच्या कृपेने आम्ही दोघं शाबूत आहोत. चर्च छोटंसं, कौलारू. मागच्या दारातून उजनी धरणाचं पाणी दिसतं. उन्हाळ्यामुळे ते मागे हटलंय आणि वाळूचा रुंद पट्टा उघडा पडलाय. मंडळी जेमतेम पंधरा घरांची. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या पाळकाला आणखी कुठे पाठवणार म्हणा! पण मी खूश आहे.

स्वरूपा माझ्याहून खूश. जानेवारीत तिच्या हृदयाची झडप बदलली. भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तीस वर्षं शाळेत पोरं हाकलेली बाई, तिला बसवून ठेवणं म्हणजे माझी कसोटीच. आल्या आल्या खिडक्या पुसायला निघाली होती. फडकं हिसकावून घेतलं तेव्हा फुरंगटून बसली.

सिंधुबाई चर्चची झाडलोट करतात. त्यांनी चिलापी माशाचं कालवण आणून दिलं. मी तीनदा भात घेतला. आजचं मनन: अरण्यात इस्राएल लोकांना मिसरातले मासे आठवायचे, म्हणून मी त्यांना आयुष्यभर नावं ठेवत आलो. यापुढे ठेवणार नाही.

शनिवार, २२ मार्च

चर्चच्या बाजूच्या बंद खोलीत खजिना सापडला! शंभरेक वर्षांपूर्वी इथे आलेले गोरे पाद्रीसाहेब वाटेत मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, राहिले होते. मंडळीला शास्त्रातला इतिहास डोळ्यांनी दिसावा म्हणून त्यांनी तिथल्या वस्तू आणल्या. गवताचे तुकडे दिसणारी मातीची वीट आहे, फारोने गुलामांकडून पाडून घेतल्या तशी. एक पणती आहे. आणि लाकडी पेटीत निळसर, वीतभर उंचीच्या बाहुल्या. हात छातीवर बांधलेले, मुठीत कुदळ. खाचा सहा, बाहुल्या पाच.

पेटीत साहेबांची मराठी चिठ्ठी होती. अशा बाहुल्या मृताबरोबर पुरत आणि त्यांच्यावर त्याचं नाव लिहीत. परलोकात कामासाठी त्या नावाची हाक आली, की बाहुलीने ‘हजर’ म्हणायचं आणि धन्याच्या बदली राबायचं. शेत भिजवायचं, पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहायची. वाचून मी टाळीच वाजवली. उपवासकाळातला उपदेश आयता हातात पडला!

रविवार, ३० मार्च

उपदेश रंगला. एक बाहुली वेदीपाशी ठेवली आणि म्हणालो, बघा, माणसाला फार पूर्वीपासून वाटतंय की आपल्या बदली कुणीतरी उभं राहावं. मातीच्या बाहुलीला ते जमत नाही. आपल्या बदली खरा उभा राहिला तो ख्रिस्त. उदाहरण पटावं म्हणून कागदाच्या चिठ्ठीवर ‘स्वरूपा’ लिहिलं आणि डिंकाने बाहुलीच्या पाठीला चिकटवलं. म्हटलं, आता आमच्या बाईसाहेबांची भांडी ही घासेल का? मंडळी हसली. स्वरूपाने डोळे वटारले.

फक्त सिंधुबाई हसल्या नाहीत. बाहेर गाठून म्हणाल्या, “नाव कशाला घातलं वो पाळकसाहेब? ती बाहुली लई थकल्याली हाय. तिलाबी कुणीतरी बदली पायजे हाय.” मी हसून सोडून दिलं. घरी आल्यावर चिठ्ठी काढून फेकली.

बुधवार, २ एप्रिल

भर दुपारी स्वरूपा अंगणात उन्हात उभी होती. काय गं, म्हटलं, तर दचकली. म्हणाली, कुणीतरी हजेरी घेत होतं. तीस वर्षांची सवय, स्वप्नातसुद्धा शाळा! मी चिडवलं. रात्री तिचे केस विंचरताना अंबाड्यातून ओली वाळू पडली.

शनिवार, ५ एप्रिल

तिच्या तळहातांना घट्टे पडलेत. ओंजळीएवढंही काम तिला मी करू देत नाही, मग घट्टे कसले? तिला आठवत नाही. बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. ते माझ्यावरच भडकले. या बाईकडून ओझी कोण उचलून घेतंय, असं विचारलं. दोन आठवडे हे असंच चाललं तर झडप टिकणार नाही म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं.

सोमवार, ७ एप्रिल

आज पाहिलं. दुपारी बाराला ती जेवता जेवता थांबली, मान वर केली आणि स्पष्ट म्हणाली, “हजर.” मला कसलीच हाक ऐकू आली नाही. ती अनवाणी वाळूवर गेली. तिथे बुट्टी होती, कुणाची माहीत नाही. पूर्वेकडून वाळू भरायची, पश्चिमेकडे ओतायची. डोक्यावर ओझं, मान ताठ, डोळे उघडे, पण मी समोर असून दिसत नव्हतो. तीनला बुट्टी ठेवली आणि ‘चहा टाकू का’ म्हणाली.

पळत जाऊन पेटी उघडली. चिठ्ठी फेकली होती, तरी बाहुलीच्या पाठीवर नाव आहे. माझ्याच अक्षरात, आत भाजल्यासारखं.

हात दाखवून अवलक्षण! अरे देवा, काय करून बसलो मी!

मंगळवार, ८ एप्रिल

बाहुली फोडायला हातोडा घेतला. सिंधुबाईंनी हात धरला. सहावी बाहुली त्यांच्या सासऱ्याने फोडली होती. तिच्यावर त्याच्या भावाचं नाव होतं, थट्टेत लिहिलेलं. भाऊ त्या वेळी वाळूवर होता. “त्यो परत आलाच न्हाय. मढंबी गावलं न्हाय.” हातोडा खाली ठेवला. नाव कसं काढायचं, हे त्यांनाही माहीत नाही.

बुधवार, ९ एप्रिल

बाराच्या आधी तिला खोलीत बसवून कडी लावली. आतून ‘हजर’ ऐकू आलं. मग दाराला धडका. मग काहीच नाही. उघडलं तर ती जमिनीवर, ओठ निळे, श्वास लागलेला. मी बाजूला झालो. ती उठली आणि चालू लागली तसा श्वास परत आला.

माझ्या हाताने तिच्यासाठी दार उघडून दिलं मी.

शुक्रवार, ११ एप्रिल

तिच्याबरोबर वाळू वाहिली. तीन तास. माझ्या बुट्टीने पूर्वेचा ढीग तसूभर कमी होत नाही. तिच्या बुट्टीने होतो. ढीग मात्र केवढा—

मंडळीतले सगळे प्रार्थनेला जमले. उपवास केला. प्रार्थना म्हणत तिच्या कपाळाला तेल लावलं. बाराला ती प्रार्थनेतून उठून गेली. कुणी माझ्याकडे बघेना.

सोमवार, १४ एप्रिल

पाय सुजलेत तिचे. पायरी चढवत नाही. पण बारा वाजले की उठते. प्रभू, तू ऐकतोस ना? तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की ऐकतोस.

बुधवार, १६ एप्रिल

तिला सगळं सांगितलं. माझी थट्टा, बाहुलीच्या पाठीवर उमटलेलं नाव, दुपारची वाळू. रडलो. तिने माझे डोळे पदराने पुसले. मग मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, नाव माझं लिहिलंत, निदान शुद्ध तरी लिहिलंत.

गुरुवार, १७ एप्रिल

सुचलं! इतके दिवस कसं सुचलं नाही! पातं घेऊन तिचं नाव खरवडलं. सकाळभर. गेलं. तिथे माझं लिहिलं. संदेश. शाई लगेच आत गेली.

बारा वाजले. ती जेवत होती. जेवतच राहिली! मला हाक आली नाही, उद्या येईल. येऊ दे. माझं हृदय धडधाकट आहे, ढीग संपेपर्यंत वाहीन.

तिला सांगितलं. खूप वेळ माझा हात धरून बसली. आजचं मनन लिहायची गरज नाही. आज पहिल्यांदा मला माझाच उपदेश कळला.

शुक्रवार, १८ एप्रिल. उत्तम शुक्रवार, प्रभूच्या मरणाचा दिवस

वाळूवर बसून लिहितोय. अक्षर—

बाराची उपासना. मी वेदीपाशी, ती पहिल्या बाकावर. हाक आली. या वेळी मला ऐकू आली. माझं नाव. मी तयार होतो. तोंड उघडलं—

त्याआधी बाकावरून ती म्हणाली, “हजर.”

शुद्धीत होती. माझ्याकडे बघत होती. मी ओरडलो, मी हजर, संदेश मीच! सगळी मंडळी उभी. ती दारातून गेली.

दोन वाजले. धरलं की ओठ निळे. सोडलं की चालते. तिसऱ्यांदा पडली. उठली. मी बुट्टी ओढली. सुटत नाही तिच्या हातून. म्हणते, तुम्ही बसा. तुम्ही बसा हो.

आता तिच्याही बुट्टीने ढीग तेवढाच—

पुन्हा हाक. दर खेपेला हाक. दर खेपेला माझं नाव. आता मी आधी म्हणणार, श्वास धरून बसलोय, आता—

संदेश

ह

ती माझ्या आधी—