एकट्याच्या हयातीपर्यंत

१ एप्रिल, सकाळी ६.१०
काल रिटायर झालो. बत्तीस वर्षं वीजमीटर तपासले. माझ्या हाताखालून चुकीचा मीटर बाहेर गेला नाही.
आजपासून रोजनिशी. वाचणारा मीच, तेव्हा खोटं लिहिण्यात अर्थ नाही.
संकल्प : रोज पाच किलोमीटर चालणे. फंडाचे एक्केचाळीस लाख पंधरा दिवसांत मार्गी लावणे. मेहुण्याचा सल्ला न घेणे.
शेवटचा आजच पाळला. त्याचा फोन आला, उचलला नाही.

४ एप्रिल
फोन न उचलल्याचा परिणाम : मेहुणा स्वतःच आला. हिचा थोरला भाऊ. बँकेतून निवृत्त. मी मनात त्याला व्याजबुवा म्हणतो.
बसायच्या आत म्हणाला, अ‍ॅन्युइटी घ्या, जोडीची. कंपनीला एकदाच रक्कम द्यायची, ती तुम्हाला मरेपर्यंत दरमहा पेन्शन देते आणि तुमच्यामागे तेवढीच हिला, ही असेपर्यंत. तुमच्यामागे हिला कोण आहे, असंही म्हणाला. आम्हाला मूलबाळ नाही, हे तो दरवेळी असं आडून सांगतो.
मी म्हणालो, बघू.
ही आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, दादा बरोबर बोलतो. मी म्हणालो, अभ्यास करतो.

९ एप्रिल
अभ्यास. वहीत पाच रकाने आखले.
एफडी : सुरक्षित. पण व्याज येईपर्यंत महागाई ते खाऊन टाकते.
म्युच्युअल फंड : वाढतो. पडतो. पडला की लोक म्हणतात थांबा.
गाळा घेऊन भाड्याने देणे : भाडेकरू आला. नको.
शेअर : आमच्या स्टोअरकीपरने पैसे दुप्पट केले होते. नंतर तो सायकलवर कामाला यायचा. व्यायामासाठी, म्हणे.
अ‍ॅन्युइटी : रकाना कोरा ठेवला. निःपक्षपाती राहायचं आहे.
चालणे : पाय मुरगळला. सोमवारपासून.

२ जून
पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. घाईत निर्णय घेणारा मी नव्हे.
दरम्यान एक लाख शेअरमध्ये घातले, केवळ प्रयोग म्हणून. आज त्याचे एकसष्ट हजार आहेत. प्रयोग यशस्वी. शेअर घेऊ नयेत हे सिद्ध झालं.

११ जून, दुपारी
विमा कंपनीत जाऊन आलो. स्वतंत्र अभ्यासाअंती अ‍ॅन्युइटीच योग्य, असा माझा निष्कर्ष निघाला. व्याजबुवाचा काही संबंध नाही.
एजंट बाई हुशार. चाळीस लाखांवर तिने आकडे मांडले. जोडीची घेतली तर महिना पंचवीस हजार. एकट्याच्या हयातीपर्यंतची घेतली तर सत्तावीस हजार तीनशे. दोघांच्या मागे मुद्दल वारसांना परत देणारी घेतली तर फार कमी. आणि परत मिळून जाणार कोणाला? व्याजबुवाच्या मुलांना?
मेडिकल करावं लागेल का विचारलं. म्हणाली, अ‍ॅन्युइटीला लागत नाही सर. जरा हिरमोड झाला. साठाव्या वर्षी माझी तब्येत बघायला कोणी तयार नाही.
तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, मला सुचलं. एकट्याची घ्यायची. वरचे तेवीसशे दरमहा हिच्या नावाने म्युच्युअल फंडात. वीस वर्षांत बावीस लाख! वडील एकोणनव्वद जगले, काका ब्याण्णव. वीस वर्षं माझ्या हातचा मळ.
ऐंशी पूर्ण झाले की तो कागद व्याजबुवापुढे ठेवणार. तो तेव्हा शहाऐंशीचा असेल. त्याने तोवर जगावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.
बाईंनी दोनदा विचारलं, घरी बोललात ना? दोनदा हो म्हणालो.
संध्याकाळी हिने विचारलं, जोडीचीच घेतली ना हो? हो म्हणालो. तसं खोटं नाही. बावीस लाख तिचेच आहेत.

२० जून
पॉलिसी आली. तीस दिवसांत परत करता येते, असं लिहिलंय. डळमळीत माणसांसाठी सोय असावी.

२३ जुलै
पहिली पेन्शन जमा. सत्तावीस हजार तीनशे. ही खूश. मी तिच्याहून खूश, पण वेगळ्या कारणाने.
तेवीसशे फंडात टाकणार होतो. बूट घेतले, चालायचे. मी जितका जास्त जगेन तितकं हिचं भलं, म्हणजे ही तिचीच गुंतवणूक झाली.
वजन शहात्तरवरून एकाहत्तर. नुसते बूट आणले तर एवढा फरक!

२१ ऑगस्ट
वजन सहासष्ट. हे शक्य नाही. काटा बिघडलाय. बत्तीस वर्षं मापं तपासणाऱ्याला काटा फसवू शकत नाही. तेवीसशे देऊन नवा डिजिटल आणला.
नवाही सहासष्ट म्हणतो.
तांदळाची पाच किलोची पिशवी दोन्हींवर ठेवली. दोन्हींनी पाच दाखवले. दोन्ही काटे तांदळासाठी बरोबर आहेत.
ही म्हणाली, डॉक्टरांकडे चला. म्हणालो, पाठ दुखते ती खुर्चीमुळे. खुर्ची बदलू.

२२ सप्टेंबर
बाजार फार वर आहे. उतरला की फंड सुरू.
खुर्ची आणली. पाठ तशीच.
जेवण जात नाही. उन्हाळा संपून तीन महिने झाले तरी तोंडाला चव नाही. हिच्या हाताची चव गेली असावी, असं बोलून गेलो. तिने ताट उचललं.

१९ ऑक्टोबर
बाजार उतरला. अजून उतरेल. थांबतो.
आरशात डोळे पिवळे दिसले. बाथरूमचा दिवा पिवळा आहे. खिडकीपाशी जाऊन पाहिलं. तिथे दिवा नव्हता.
हिने मला न विचारता अपॉइंटमेंट घेतली.

४ नोव्हेंबर
स्वादुपिंड. पसरलंय. ऑपरेशनचा उपयोग नाही.
डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण नजर चुकवत नव्हती. मी विचारलं, साधारण किती वर्षं धरून चालायचं? ती म्हणाली, आपण महिन्यांत बोलू या.
रिक्षात हिने माझा हात धरला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, रस्त्यावर पहिल्यांदा. म्हणाली, पैशाची काळजी करू नका, माझं पेन्शनवर भागेल.

५ नोव्हेंबर, सकाळी १०.०५
ही देवापाशी बसलेली पाहून गच्चीत गेलो. एजंट बाईंना फोन केला. पर्याय बदलता येतो का विचारलं. म्हणाल्या, मुदत जुलैतच संपली. म्हटलं, आणि मी गेल्यावर? म्हणाल्या, पेन्शन बंद होईल. चाळीस लाखांतलं काहीच नाही? त्यांनी पॉलिसी नंबर पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाल्या, नाही काका.
इतके दिवस सर म्हणत होत्या.

६ नोव्हेंबर
घाबरून चालणार नाही. हिशोब केला. बारा वर्षं तीन महिने जगलो तर मुद्दल वसूल. त्यापुढचा सगळा नफा. आतापर्यंत चार हप्ते आलेत, म्हणजे सुरुवात झालेली आहे.
संकल्प : बारा वर्षं तीन महिने जगणे.
हिला उद्या सांगतो.

९ नोव्हेंबर
सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं.

१४ नोव्हेंबर
सांगितलं नाही. माझं पोट दुखत होतं.
अशा वेळी बाईमाणसाला धक्का देऊ नये. माझ्यामागे तिला आपोआपच कळेल.
हे वरचं वाक्य पुन्हा वाचलं. खोडणार होतो. राहू दिलं.

२ डिसेंबर, दुपारी ४
वजन चोपन्न. काट्यावर चढायला हिने हात दिला.
सांगितलं.
ती कपड्यांच्या घड्या करत होती. सगळं सांगितलं, जोडीची घेतली नाही तेही, वीस वर्षांचं आणि बावीस लाखांचंही. तिने मध्ये अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, मग ते दरमहाचे तेवीसशे कुठे आहेत?
म्हणालो, बूट. काटा. खुर्ची. गेल्या दोन महिन्यांचे औषधांत.
तिने माझा शर्ट उलगडला आणि परत घडी घातली. मग आणखी एकदा. म्हणाली, चौतीस वर्षांत मी तुम्हाला पैशाचं एकच विचारलं होतं हो.
रडली नाही. मी वाट पाहत होतो. रडली असती तर समजूत घालता आली असती.

५ डिसेंबर
व्याजबुवा आला. मी तयारीत होतो. तो म्हणणार, मी सांगितलं होतं. मी म्हणणार, आकड्यांच्या दृष्टीने निर्णय चुकीचा नव्हता. व्याजदरांचा मुद्दा आणि वडिलांच्या वयाचा मुद्दा, दोन्ही पाठ केले होते.
तो म्हणालाच नाही. शेजारी बसला. म्हणाला, पाठीशी उशी देऊ का?
दिली. बरं वाटलं. त्याचाच राग आला.
नंतर ती दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होती. चाळीस लाखांचं काही ऐकू आलं नाही. किती तास, सुट्टी कधी, उभं राहावं लागेल का, असलंच ऐकू आलं.

१२ डिसेंबर
त्याच्या ओळखीच्या माणसाचं औषधाचं दुकान आहे. हिला तिथे बिलं करायला घेतलंय. पगार नऊ हजार. वय सत्तावन्न. कॉम्प्युटर कधी हाताळला नाही, तर मालक म्हणे शिकवू.
मी म्हणालो, आत्ता कशाला, मी असेपर्यंत पेन्शन येते आहे. ती म्हणाली, म्हणून आत्ताच. तुम्ही आहात तोवर हात बसेल.


१५ डिसेंबर, सकाळी ८.४०
हिचा पहिला दिवस. चप्पल घालून दोनदा परत आली. गोळ्या कोणत्या, कधी, ते कागदावर लिहून कपाटाला चिकटवलं. भात ओट्यावर झाकलाय. बारा वाजता गरम करून घ्या म्हणाली, थंड खाऊ नका. दाराशी थांबून विचारलं, जमेल ना? म्हणालो, गॅस पेटवायला काय लागतं?
संकल्प : बारा वाजता उठून भात गरम करणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.३०
ही आली. पाय सुजले होते. पर्स खांद्यावर तशीच ठेवून भात गरम केला, आणि भरवला.