शिवणीच्या फळीवरची आई

मी, धम्मशीला कचरू हिवाळे, वय एकोणसत्तर, धंदा पूर्वी शिक्षकी आणि आता नुसत्या चौकशा, राहणार चिखली, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, माझ्या घराच्या मागच्या खोलीत, चांगल्या उजेडात बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुतूहल प्रमाणाबाहेर आहे, पण तेवढ्याने मृत्युपत्र बाद होत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. या घरात दाबण्याचे काम फक्त छपाईचे प्रेस करते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची समता प्रसेनजित हिवाळे हिने करावी. ती बुलढाण्याला रक्त-लघवी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणजे बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. मला असाच माणूस हवा होता.

कलम २. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात उरकावा. कॉलेजातून कोणी भाषण करायला आले तर त्यांना चहा द्यावा, माईक देऊ नये. आणखी एक. मेलेल्या माणसाच्या तळव्याला शाई लावून छाप घेतला तर तो जिवंतपणीच्या छापासारखाच येतो का, हे मला फार दिवसांपासून जाणून घ्यायचे आहे. माझ्या तळव्याचा एक छाप मी कपाटात ठेवला आहे, तुलनेला. हे ऐकून समता म्हणाली, "आत्या, असलं काही लिहू नको वं, लोक काय म्हनतीन!" म्हणून ही सक्ती नाही, इच्छा समजावी.

कलम ३. चिखलीचे हे घर समताला. मागच्या खोलीच्या उत्तरेकडच्या खिडकीला पडदा लावू नये. भिंतीवरचे शाईचे डाग रंगवून झाकायचे असतील तर झाकावे, पण आधी एकदा नीट बघावे. खिडकीजवळच्या डागात एक म्हैस बसलेली दिसते. कॉलेजातले माझे सहकारी गोकुळ सर यांना ती कधीच दिसली नाही.

कलम ४. छपाईचे प्रेस. मी कॉलेजात लागले तेव्हा प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमात मुद्राचित्रण, म्हणजे कोरलेल्या फळीवरून छाप काढणे, होते आणि कॉलेजात प्रेस नव्हते. प्राचार्य म्हणाले, तोंडी शिकवा. मी खामगावच्या एका लेथवाल्याला चित्र काढून दिले आणि त्याने ते बनवले. दोन जाड लोखंडी रूळ, मध्ये सरकणारी पाटी, फिरवायला मोठे चाक. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव "रसवंती" ठेवले आणि एकाने चाकाशी उभे राहून "एक फुल, बर्फ कमी" अशी ऑर्डरही घेतली. कागदाच्या वर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, लागतो, तो आम्हांला परवडत नव्हता, म्हणून घोंगडीचा तुकडा वापरला. आजही तोच आहे. हे प्रेस माझे आहे, कॉलेजचे नाही. निवृत्त झाल्यावर मी ते घरी आणले, तेव्हाच्या प्राचार्यांनी "कॉलेजची मालमत्ता" असा शब्द वापरला होता. तो मी विसरलेले नाही.

तरीही ते प्रथम वर्षाच्या वर्गालाच द्यावे. अट एकच. त्या खोलीला कुलूप लावायचे नाही. कुलूप दिसले तर समताने टेम्पो घेऊन जावे आणि प्रेस परत आणावे.

कलम ५. माझ्या जागी जो कोणी शिकवेल त्याच्यासाठी, मालमत्ता म्हणून, माझी पद्धत ठेवत आहे. पहिल्या दिवशी फळ्यावर काही लिहू नये. मुलांना घरून कोणतीही वस्तू आणायला सांगावी, तिला शाई लावावी, कागद ठेवावा आणि वाटीच्या बुडाने घासावे. पोरे चप्पल आणतात, पिंपळाचे पान आणतात, कापसाच्या बोंडाची रिकामी टरफले आणतात. एकदा जयमाला नावाच्या पोरीने वाळलेली भाकरी आणली. वर्ग हसला. मीही हसले. छाप उचलला तर भाकरीवर तिच्या आजीची बोटे उमटलेली, थापतानाची, पाचही. मग कोणी हसले नाही. पुढचा अर्धा तास सगळे एकमेकांना विचारत होते, आपल्या घरी कोण कसे थापते.

दुसरे असे की छाप उलटा येतो हे मुलांना आधी सांगू नये. छापात डावे ते उजवे होते, एवढी साधी गोष्ट आहे, पण सांगितली तर ती फक्त ऐकतात. चित्र उलटे निघाले तर विचारतात. दरवर्षी कोणीतरी बैलगाडी कोरतो, मोठ्या कष्टाने उजवीकडे नेतो आणि कागदावर ती डावीकडे निघून जाते. त्या क्षणी मुलाचे तोंड बघण्यासारखे असते. मी नोकरी बरीचशी त्या तोंडांसाठीच केली.

कलम ६. कोरण्या, रोलर, धार लावायचा दगड आणि शाईचे डबे जयमालाला. भाकरीवाल्या त्याच पोरीला. ती आता पिंपळगाव राजाच्या शाळेत चित्रकला शिकवते.

गोकुळ कडूबा शेळके, म्हणजे आमचे गोकुळ सर, यांना माझ्या जुन्या सुती साड्यांच्या चिंध्या ठेवणार होते, कारण नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी एकदाही रोलर पुसून ठेवला नाही. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. म्हणून चिंध्या मी त्यांना हयातीतच देऊन टाकल्या. आता त्यांना माझ्याकडून काहीही मिळत नाही. ते साक्षीला मोकळे आहेत.

कलम ७. माझ्या कोरलेल्या फळ्या. आमच्या कामात एक रीत आहे. ठरवलेले छाप काढून झाले की फळीवर कोरणीने एक आडवी रेघ मारायची. फळी रद्द. मग कोणाला चोरून आणखी छाप काढता येत नाहीत आणि ज्यांनी घेतले त्यांना दिलेला शब्द पाळला जातो. ही रेघ मारताना दरवर्षी पोरांचा जीव खालीवर होतो. "मॅडम, राहू द्या ना!" मी राहू देत नसे. माझ्या सगळ्या फळ्यांवर माझ्या हाताची रेघ आहे. मागची बाजू कोरी आहे, ती प्रथम वर्षाच्या मुलांनी वापरावी.

एक फळी सोडून. तिच्यावर रेघ नाही. गोकुळ सर अधूनमधून विचारत, "मॅडम, ती एक राहिली का?" मी म्हणत असे, राहिली. ती रेघ मारायला मी कोरणी हातात घेतली होती आणि खाली ठेवली. मला जमले नाही.

कलम ८. ती फळी.

माझी आई, सिंधूताई. वर्गासमोर चित्रासाठी बसायला माणूस मिळेना, तेव्हा ती आमच्या गावाहून, धाडहून, आली होती, म्हणाली, "मी बसतो ना. बसायचंच काम हाय." सकाळभर ती स्टुलावर बसली, पोरांना नावे-गावे विचारत. मी शिवणीच्या लाकडाच्या फळीवर थेट ब्रशने तिला काढले आणि पोरांसमोर कोरले. आरसा घेऊन, उलटे काढून, मग छापात सुलटे आणायची युक्ती मला येते, मीच ती शिकवते. पण मला तिच्याकडे बघायचे होते. डाव्या-उजव्याचा विचार करत बसायचे नव्हते.

छाप निघाला. आईची डाव्या नाकपुडीतली चमकी उजवीकडे गेली, पदर दुसऱ्या खांद्यावर गेला, डाव्या भुवईवरची खोक उजव्या भुवईवर गेली. पोरे म्हणाली, मॅडम, आजी वेगळ्याच दिसतात. मी आईच्या हातात कागद दिला. तिने तो लांब धरला, जवळ धरला. आजवर स्वतःचा कोणताही फोटो तिला पटलेला नव्हता. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "हे कोन बाई हाय?" या वेळी म्हणाली, "हे तं मीच आहो वं! फोटोवाले आजवर कोनाले पकडत व्हते काय माईत."

मी चकित झाले. मग लक्षात आले की तिने स्वतःला फक्त खिळ्यावरच्या आरशात पाहिले होते. तिला माहीत असलेली बाई हीच, खोक उजवीकडे असलेली. त्या दिवसापासून मी अनेकांना विचारत आले आहे, माणसाचा खरा चेहरा कोणता, त्याला दिसतो तो की इतरांना दिसतो तो? अजून कोणी सरळ उत्तर दिलेले नाही. समताने फोनवर सेल्फी काढून दाखवला. त्यातही तोच घोळ आहे.

चार वर्षांपूर्वी आई गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तो छाप काच लावून धाडच्या घरी, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली लावला. माझा धाकटा भाऊ प्रसेनजित याने लोक यायच्या आत तो उतरवला.

"ताई, हे माय नाही. मायची खोक डाव्या भुवईवर व्हती."

मी म्हटले, अरे, छाप आहे, उलटा येतो, आणि आईला स्वतः हाच आवडला होता.

"तुह्या कॉलेजात चालत असन. माह्या घरात मले माय सुलटी पायजे."

आयुष्यभर आरशात बघून एसटी मागे घेतलेल्या माणसाला आरसा समजू नये, याचा मला तेव्हा भयंकर राग आला आणि मी तो तिथेच, सगळ्यांसमोर बोलून दाखवला. चौथ्या-पाचव्या दिवशी तसबीर धाड-चिखली बसने परत आली. चादरीत, सुतळीने, इतकी नीट बांधलेली की काचेला ओरखडा नव्हता. तेव्हापासून आमचे बोलणे शेताच्या कागदांपुरते. त्याच्या घरात आईच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला आहे. त्यात आई घाबरलेली दिसते.

त्याला त्या खोकेचे एवढे का, हे मला ठाऊक आहे. लहानपणी हापशावर पाणी भरताना दांडा त्याच्या हातून सुटला आणि आईला लागला. आई कधी एक शब्द बोलली नाही. तो मात्र ती बाजू विसरलेला नाही. मी तिची खोक हलवली, म्हणजे त्याच्या दृष्टीने त्याच्याकडची आईच हलवली. हे मला राग ओसरल्यावर कळले. सांगायला जावे, तर तो फोन समताच्या हातात देतो.

म्हणून छाप नव्हे, फळी मी प्रसेनजितला देते. फळीवर शाई मुरलेली आहे, चेहरा स्पष्ट दिसतो, आणि तिथे आई जशी आमच्यासमोर बसायची तशीच आहे. खोक डावीकडे, चमकी डावीकडे. त्याची माय सुलटी या फळीत पहिल्यापासून होती. फळी त्याच्या हातात ठेवल्यावर तो पहिले वाक्य काय बोलला, ते समताने लिहून ठेवावे. मी ऐकायला नसेन, हे मला कळते. माझ्या मरणात मला खरोखर खटकते ते एवढेच.

[वरील कलम ८ वर आडवी रेघ मी स्वतः मारली आहे. ती खाडाखोड समजू नये. कारण खाली दिले आहे. ध. क. हि.]

दुरुस्ती. आज सहीच्या वेळी दुसऱ्या साक्षीदार, शेजारच्या तानुबाई, लेकीच्या बाळंतपणाला खामगावला निघून गेल्या. समता यायची होती, ती वडिलांना घेऊनच आली. बुलढाण्याला डोळे तपासायला नेले होते, परत जाताना वाट वाकडी केली, असे तिने सांगितले. ती खोटे नीट बोलत नाही.

प्रसेन बाहेर जीपजवळच थांबणार होता. गोकुळ सरांनी त्याला, ऊन आहे म्हणून, मागच्या खोलीत आणून बसवले. फळी मी पुसून टेबलावर ठेवलेली होती, कलम लिहिताना नीट बघावी म्हणून. मी चहा घेऊन आले तर तो उभा होता आणि फळी त्याच्या दोन्ही हातांत होती. अंगठा डाव्या भुवईवर.

"ताई, हे तं माय हाय," तो म्हणाला. "एवढे दिस कुठं ठेवली व्हती?"

"इथंच."

"मंग मले काऊन नाही दाखवली?"

मी चहा टेबलावर ठेवला. मी कपाटावरून तसबीर उतरवली, तीच, त्याने सुतळी बांधून पाठवलेली, आणि फळीशेजारी ठेवली. दोन आया एकमेकींकडे तोंड करून बसल्या. तो कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता.

"अन् हे? तिले आरशात दिसे तशी?"

"हो."

"म्हंजे आपल्याले दिसे तशी माय तिनं सोता कधी पाह्यलीच नाही," तो म्हणाला, आणि खाली बसला. मग स्वतःशीच म्हणाला, "खोक तिले उजवीकडं दिसे."

इतकी वर्षे मी लोकांना प्रश्न विचारत हिंडले, पण हे मला सुचले नव्हते. मी रडले. तोही रडला. गोकुळ सर खिडकीजवळच्या डागाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ही म्हैस होय?"

फळी आणि तसबीर दोन्ही तो आज धाडला घेऊन जात आहे. समता चादर शोधत आहे. सुतळी तोच बांधणार म्हणतो. सबब कलम ८ मध्ये देण्यासारखे आता काही उरलेले नाही, म्हणून त्यावर मी रेघ मारली. या वेळी हात थांबला नाही.

इतर सर्व कलमे कायम. वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. एकाने मध्येच "हळू वाच ना" म्हटले. वाचून झाल्यावर सही केली आणि डाव्या हाताचा अंगठा दिला. तोही उलटाच उमटला.

ठिकाण : चिखली, जिल्हा बुलढाणा
दिनांक : ८ फेब्रुवारी २०२६, रविवार

सही
धम्मशीला कचरू हिवाळे

साक्षीदार
१. गोकुळ कडूबा शेळके, राहणार चिखली. यांना या मृत्युपत्रान्वये काही मिळत नाही.
२. प्रसेनजित कचरू हिवाळे, राहणार धाड. यांना या मृत्युपत्रान्वये काही मिळत नाही.