तळसफाईच्या धंद्याची माझ्यामागची व्यवस्था

त्या दिवशी इंजिन कोणी सुरू केलं, सुधीरकाकांनी की त्यांच्या मुलाने, प्रीतमने? याचं उत्तर मला देता येत नाही. मी बोटीखाली होते. दोघंही एकमेकांचं नाव सांगतात. म्हणून या मृत्युपत्रात मी दोघांनाही सारखंच धरलं आहे.

मी, समीक्षा भगवान केणी, वय सत्तावीस, बी.एस्सी., घरातली पहिली पदवीधर, राहणार मोठागाव ठाकुर्ली, डोंबिवली पश्चिम, हे शांत डोक्याने लिहीत आहे. राग आहे, पण तो सहा महिने विचार करून ठेवलेला आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. आधी कारण. बोट किनाऱ्यावर न ओढता, पाण्यात उतरून तिच्या तळाचं शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, हा धंदा मी चार वर्षांपूर्वी सुरू केला. तळ स्वच्छ असला की डिझेल कमी जळतं आणि तळाला शेवाळ मारणारा विषारी रंग फासावा लागत नाही, जो शेवटी खाडीतच उतरतो. यावर माझा विश्वास होता, अजून आहे. खाडीत खाली हातभर अंतरावरचं दिसत नाही, म्हणून नियम एकच: उतरण्यापूर्वी इंजिनाची चावी माझ्या कमरेला. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काकांच्या बोटीवर पूजा मांडली होती. काका म्हणाले, "चावी दे गो, देवापुढं ठेवतो. देवापुढची चावी कोन उचलनार हाय?"

मलाही तसंच वाटलं. मी दिली.

मी खाली असताना इंजिन सुरू झालं आणि बोटीच्या पंख्याने उजव्या पायाची दोन बोटं नेली. इस्पितळात काकांनी बाबांना ऐकवलं की बाईने बोटीच्या बुडाला हात लावला की असंच व्हायचं. महिनाभरात प्रीतमने माझी गिऱ्हाइकं घेऊन तोच धंदा काढला.

२. बँकेतली शिल्लक व दागिने आईला, गंगुबाईला. त्यातलं काहीही घरातल्या कोणाच्या बोटीवर घालू नये.

३. बाबांना माझं पदवी प्रमाणपत्र, चौकटीसह. काका घरी आले की ज्या खुर्चीत बसतात, तिच्या समोरच्या भिंतीवर ते लावावं.

४. सुधीरकाकांना माझा उजवा रबरी बूट, पंख्याने कापलेला, आहे तसा. धुवून देऊ नये.

५. प्रीतमला काही नाही. खांदा द्यायलाही बोलावू नये. कोणत्या बोटीचा तळ कुठे कुजला आहे ते मी वहीत लिहिलं आहे. पानं फाडून ज्याची त्याला द्यावीत, प्रीतमला एकही दाखवू नये.

६. धंदा. माझ्यामागे तो बाबांकडे, आणि आठवड्याभरात काकांकडे जाईल, कारण बाबा मोठ्या भावाला नाही म्हणत नाहीत. काकांची मुलगी सान्वी वीस वर्षांची आहे. त्या घरातून इस्पितळात रोज येणारी ती एकटीच. तिने शिकव म्हटलं, तेव्हा मी म्हटलं, तुझा बाप मारेल.

"मारूदे ना ताई. तू उतरलीस, तेव्हा कुठे विचारलेलंस कोणाला?"

चार महिने ती माझ्याबरोबर पाण्यात उतरते आहे. काकांना वाटतं, ती ठाण्यात खोपटला टॅलीच्या क्लासला जाते. मृत्युपत्रात नाव घातलं, तर उद्या काका तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतील. म्हणून मी मरेपर्यंत थांबणार नाही. कॉम्प्रेसर, हवेच्या नळ्या, खरवडण्या आणि धंद्याचं नाव यांचं बक्षीसपत्र काल कल्याणला सान्वीच्या नावे नोंदवलं. आजपासून मी तिच्याकडे पगारावर आहे.

समीक्षा भगवान केणी (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. तुळसा गोविंदा तरे, मोठागाव
२. डॉ. सलिल रानडे, डोंबिवली

डोंबिवली, ११ फेब्रुवारी २०२५