बेसवाला नसलेला रविवार

४ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पहिल्या वाचनात वाटलं, तुला ताप चढलाय. दुसऱ्या वाचनात कळलं की तू चांगला शुद्धीवर आहेस, आणि मग जास्तच काळजी वाटली. एक्केचाळिसाव्या वर्षी, कवळ्या बनवायची बावीस वर्षांची नोकरी सोडून, तू सहा महिने गावोगाव बेस गिटार वाजवत हिंडणार! तेही कुठे, तर वाचनालयाच्या तळघरात, नाहीतर चौदा खुर्च्यांच्या हॉटेलात, जिथे कॉफीचं मशीन तुमच्यापेक्षा सुरात असतं. धन्य आहेस बाबा.

बरं, वाजवणार काय? तर ते ठरलेलं नाही. आधी काही बसवायचं नाही, श्रोत्यांकडून एक शब्द मागायचा आणि त्यावर चौघांनी सुचेल ते वाजवत सुटायचं, हा म्हणे तुमच्या बँडचा नियम. अरे, मी छापखान्यात मुद्रितं तपासते. सुचेल ते लिहिणारे रोज माझ्या टेबलावर येऊन पडतात. त्यांना कोणी टाळ्या वाजवत नाही.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. ताईंनी एकदा ऐकावं, त्या हो म्हणाल्या तर मी अडवणार नाही, असं म्हणाली. म्हणजे वाईटपणा माझ्या गळ्यात घालून ती मोकळी. ठीक आहे, येईन. कानात घालायला कापूस घरूनच आणीन.

लोभ आहेच, तुझ्या अकलेवर मात्र नाही.

तुझी
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

शिव्या पोचल्या, घरचं जेवल्यासारखं वाटलं. पण न ऐकताच निकाल देतेस, हे काही बरं नाही. आमची ड्रमवाली दिवसभर औषधाच्या दुकानात उभी असते, कीबोर्डवाले काका निवृत्त पोस्टमन, सॅक्सोफोनवाला गणिताचा मास्तर. चारही माणसं आठवडाभर दुसऱ्यांनी सांगितलेलं करतात. रविवारी संध्याकाळी दोन तास तरी काय होणार ते कुणालाच माहीत नसतं. त्यासाठी जीव टाकतो गं मी.

एकदा ऐकू नकोस, तीन रविवार ऐक. एकासारखा दुसरा सापडला तर माझं नाव बदल. राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, एकतीस मार्चला द्यायचा. तू नाही म्हणालीस तर कवळ्या आहेतच, लोकांच्या तोंडात हसू बसवत राहीन.

रागावलीस तरी चालेल, पण ये.

तुझा
ढब्बू

३ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तीन रविवार त्या कॉफीच्या हॉटेलात बसून ऐकलं. पाठीचा कणा तुमच्या त्या लोखंडी खुर्चीने कायमचा वाकवला. आता निकाल ऐक.

पहिल्या वेळी कुणीतरी ‘वादळ’ शब्द दिला. दुसऱ्या वेळी एका चष्मेवाल्या बाईने ‘आजोबा’ दिला. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम ‘झाकण’ दिला आणि घड्याळ मांडीवर ठेवलं. वादळ असो, आजोबा असोत की झाकण असो, पाचव्या मिनिटाला तुझी बेस गडगडत खाली येते, दोनदा थबकते, आणि बाकीचे तिघे मुकाट्याने तिच्यामागे चालू लागतात. पुढची वीस मिनिटं तेच. आणि तू डोळे मिटून असा चेहरा करतोस, जणू ते आत्ता या क्षणी आभाळातून टपकलंय. मला हसू आवरेना. शेजारच्या माणसाला वाटलं मी रडतेय, त्याने रुमाल दिला.

एकच ओळ दोनदा छापून आली तर मी खोडते. तुझी तीन रविवार छापून आली. यासाठी नोकरी सोडणार? कवळ्या तरी दर माणसाच्या मापाने वेगळ्या करतोस.

नाव काय ठेवायचं ते कळव.

तुझी
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

चार दिवस तुझ्यावर इतका चिडलो होतो की पेन हातात घेतलं नाही. आम्ही प्रत्येक कार्यक्रम रेकॉर्ड करतो, पण ऐकत कधीच नाही. ऐकलं की तेच तेच वाजवायची सवय लागते, म्हणून. हाही आमचा नियमच. परवा तुला खोटं पाडायला म्हणून एकोणीस रेकॉर्डिंग काढून बसलो. सतरांत ते आहे. पाचव्या, नाहीतर सहाव्या मिनिटाला.

ड्रमवालीला विचारलं. ती खाली बघत म्हणाली की तुला ते आवडतं असं वाटायचं, म्हणून आम्ही मागोमाग यायचो. ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मग वाटलं, मी धरून ठेवतो म्हणूनच ते तरतात की काय? म्हणून येत्या रविवारी ते तिघेच वाजवणार. मी घरी थांबेन, माझ्याच्याने तिथे बसवणार नाही. तू जा. माझ्यावाचून ते अडले, तर राजीनामा देतो आणि तेच माझं काम समजतो. नाही अडले, तर विषय संपला. तू कधी माझी भीड ठेवली नाहीस, म्हणून तुलाच सांगतोय.

माया असू दे.

तुझा
ढब्बू

१८ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

जाऊन आले. तुझ्यावाचून त्यांचं पानही हलत नाही. शब्द मिळाला होता ‘जिना’. पहिली चार मिनिटं एकमेकांची तोंडं बघत होते. ड्रमवाली दोनदा थांबली. पोस्टमन काकांना तर कुठे उतरायचं तेच कळेना. लोक चुळबुळ करत होते. तू असतोस तेव्हा त्या वाजवण्याला एक आधार असतो, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. मागच्या पत्रात मी जरा जास्तच बोलले. तू खरंच छान वाजवतोस.

तेव्हा माझ्याकडून हो. सहा महिन्यांनी काही आभाळ कोसळत नाही. तुझ्या बायकोला येत्या रविवारी फोन करून सांगते. स्वेटर घेऊन जा.

पाठीशी आहेच मी.

तुझी
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

राजीनामा फाडला. बायकोला फोन करू नकोस, मीच सांगितलं. दौऱ्याला तिघे जातील. ते नको म्हणत होते, मी पाठवतोय.

रविवारी घरी थांबवेना. हॉटेलच्या मागच्या बाजूला, कॉफीची पोती ठेवतात तिथल्या खिडकीखाली उभा राहून सगळं ऐकलं. ड्रमवाली एकदाही थांबली नाही. काका तर काय वाजवत होते, ताई! आठ वर्षांत त्यांच्यातून ते कधी निघालं नव्हतं. मी निघू दिलं नव्हतं. संपल्यावर कुणीतरी एकट्यानेच टाळ्या सुरू केल्या. खिडकीतून डोकावलो. तू उभी राहून टाळ्या वाजवत होतीस.

तुझं पत्र येईपर्यंत मी मनाची समजूत घालत होतो की खिडकीबाहेरून काय कळतं, कदाचित माझा अंदाज चुकला असेल. तीस वर्षं तू माझ्या वाजवण्याला नावं ठेवलीस आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. परवा पहिल्यांदा छान म्हणालीस, आणि माझं किती वाईट आहे ते कळलं.

आता कृपा कर आणि पुढचं पत्र नेहमीसारखं लिही.

तुझा
ढब्बू